कागिणेकाठचे मान्यखेट

चिटगुप्प्याहून मळखेडला जावयाचे आम्ही निदान पंचवीस वर्षे ठरवीत होतो, आणि तितकीच वर्षे ते काही ना काही कारणाने राहून जात होते. बिदरला कामानिमित्त जाणे होतेच. बसवकल्याणला पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवावयास जावे लागे. माणिकनगरला दत्तजयंतीला आम्ही सहसा चुकत नाही. मळखेड मात्र राहिले. नकाशा उघडून पाहिला तर ध्यानात येते की आमचे गाव दोन राजधान्यांच्या मध्ये वसलेले आहे. वायव्येस चालुक्यांचे कल्याण, दक्षिणेस राष्ट्रकूटांचे मान्यखेट. एवढ्या थोर शेजाराची चौकशी करावयास माणसाने पंचवीस वर्षे घ्यावीत, हे काही भूषणास्पद नव्हे.

अखेर निमित्त झाले ते एका भांडणाचे. भांडण म्हणजे आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीतील. राष्ट्रकूट कोणाचे, असा विषय निघाला. एक ज्येष्ठ सदस्य ठासून म्हणाले, 'वेरूळचे कैलास ज्यांनी खोदविले ते महाराष्ट्राचे. त्यांचे मूळ गाव लातूर. यात वाद कसला?' दुसऱ्यांची सारी नोकरी कन्नड शाळेत गेलेली. त्यांनी शांतपणे विचारले, 'मग कन्नडातला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ त्यांच्या दरबारात कसा काय लिहिला गेला?' बैठक चहावर संपली. वाद संपला नाही. घरी येऊन आम्ही हा प्रसंग सांगत असता आमचा नववीत शिकणारा नातू आत गेला आणि आपले इतिहासाचे कन्नड पुस्तक घेऊन आला. त्यात नृपतुंग हा कन्नडिगांचा राजा होता. आमच्या लहानपणी, मराठी शाळेत, राष्ट्रकूट हे महाराष्ट्राचे राजे म्हणून आम्ही पाठ केले होते. पोराने सरळ विचारले, 'आज्जा, तुमच्या पुस्तकातलं खरं का माझ्या?'

सीमाभागातील घरांत हा प्रश्न नेहमी इतक्या निरागसपणे विचारला जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. काही भाग आंध्राकडे गेला. हुमनाबादबरोबर चिटगुप्पाही आले. तेव्हापासून इकडच्या मराठी माणसाला इतिहासाकडे पाहताना, नकळत का होईना, वकिलाची दृष्टी येते. प्रत्येक शिलालेख हा आपल्या बाजूचा पुरावा की त्यांच्या, एवढेच तो पाहतो. आम्हीही त्याला अपवाद नाही. म्हणून नातवाला उत्तर देण्याऐवजी आम्ही त्याला म्हणालो, 'चल, गावच पाहून येऊ.'

मार्गशीर्षातील एका सकाळी निघालो. कलबुर्गीवरून जाणारा रस्ता अधिक चांगला; तेथून मळखेड सुमारे चाळीस किलोमीटर. परंतु आम्ही मुद्दाम चिंचोळी-सेडमची वाट धरली, कारण या वाटेने जाताना जमीन कशी बदलते हे पाहावयास मिळते. बिदरच्या पठाराची तांबडी माती चिंचोळीच्या टेकड्या उतरताना मागे पडते. मग काळी जमीन लागते, आणि दोन्ही बाजूंना तुरीची शेते. कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी प्रसिद्ध आहे हे सर्वांस ठाऊक असते. पण ही शेते मैलोगणती पाहिल्याशिवाय त्या प्रसिद्धीचा अर्थ कळत नाही. सेडमच्या आसपास काळ्या मातीखालून दगड डोकावू लागतो. तो आपल्या ओळखीचाच आहे: करडा, थराथरांचा, पाटीसारखा सपाट निघणारा चुनखडीचा दगड. महाराष्ट्रातील जुन्या घरांत ज्याला शहाबादी फरशी म्हणतात ती हीच. ज्या शहाबादचे नाव तिला मिळाले ते गाव येथून जवळच. पुण्या-सोलापुरच्या कितीतरी वाड्यांतील माजघरे या दगडावर सारवल्याविना थंड राहिली. आज त्याच चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत, आणि मळखेडजवळ येताना आकाशात प्रथम दिसतात ती त्यांची धुराडी. राजधानीच्या बुरुजांच्या आधी धुराडी दिसावीत याचे आम्हांस वाईट वाटले, हे कबूल करतो. पण ज्या दगडाने राजधानी बांधली गेली त्याच दगडावर हल्लीचे गाव पोट भरते, यात गैर काही नाही.

गावाला लागूनच कागिणा वाहते. ही नदी तेलंगणात विकाराबादकडे उगम पावते, तांडूरवरून कर्नाटकात येते आणि पुढे भीमेला मिळते. भीमा म्हणजे आपली पंढरपूरची चंद्रभागाच. तेव्हा मान्यखेटचे पाणी आणि विठोबाच्या पायथ्याचे पाणी अखेर एकच होते. हिवाळ्यात पात्र रोडावलेले असते. तळच्या फरशा उघड्या पडतात आणि त्यांवर बायका धुणी धुतात. पावसाळ्यात हीच नदी काठच्या मठात शिरते आणि रस्ते बंद पाडते.

नदीच्या अंगाला कोट आहे. त्याची तटबंदी, दरवाजे आणि बुरूज पाहून नवख्या माणसाला वाटते की हेच राष्ट्रकूटांचे वैभव. वस्तुतः आज दिसणारा कोट बव्हंशी उत्तरकाळचा आहे. नंतरच्या राजवटींनी जुन्या जागेवर आपापली भर घातली. कोटाच्या आत लोकांची घरे आहेत. एका घराच्या उंबऱ्याला घडीव दगड बसविलेला दिसला. त्यावरच्या वेलबुट्टीवर रांगोळी काढलेली होती. नातू दरवाज्यावरच्या कन्नड पाट्या वाचून आम्हांला सांगत होता. आमचे कन्नड बोलण्यापुरते आहे, अक्षरांशी फारसे सख्य नाही. त्याचे मराठी बोलण्यापुरते आहे. आम्ही दोघे मिळून एक साक्षर मनुष्य होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मान्यखेट वसविले ते पहिल्या अमोघवर्षाने. नृपतुंग हेही त्याचेच बिरुद. इ. स. ८१४ च्या सुमारास तो लहान वयात गादीवर आला आणि ८७८ पर्यंत, म्हणजे चौसष्ट वर्षे, त्याने राज्य केले. त्याच्या आधीच्या राजांची राजधानी नेमकी कोठे होती यावर अजूनही एकमत नाही. तिसऱ्या गोविंदाचे ताम्रपट मयूरखंडी या ठिकाणाहून दिलेले आहेत. कोणी ती नाशिक जिल्ह्यातील मोरखिंड मानतात, तर कोणी आमच्या बसवकल्याणजवळचे मोरखंडी. चिटगुप्पेकर म्हणून आमचा ओढा साहजिकच मोरखंडीकडे आहे. पण ओढा म्हणजे पुरावा नव्हे.

मान्यखेटबद्दल मात्र शंका नाही. गंमत अशी की या नगरीचे वर्णन वाचावयाचे तर मळखेडला राहून भागत नाही. वर्ध्याला आणि कऱ्हाडला जावे लागते. तिसऱ्या कृष्णाचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत: एक वर्धा जिल्ह्यातील देवळीचा, शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० चा, दुसरा कऱ्हाडचा, शके ८८० म्हणजे इ. स. ९५९ चा. दोहोंचे वाचन रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी प्रसिद्ध केले. त्यांत म्हटले आहे की देवांचा गर्व उतरविण्यासाठीच जणू राजाने इंद्रपुरीला हसणारे मान्यखेट उभारले. ताम्रपटांतील स्तुती किती शेर आणि किती मण घ्यावयाची हे अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु या स्तुतीला बाहेरचीही साक्ष आहे. ८५१ च्या सुमाराच्या अरबी वृत्तांतात, जो सुलैमान या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, बल्हरा म्हणजे वल्लभराज हा जगातील चार थोर राजांपैकी एक सांगितला आहे. उरलेले तिघे बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा. पुढे दहाव्या शतकात अल मसूदीने बल्हराच्या राजधानीचे नाव 'मानकीर' असे दिले. नातवाला हे सांगितले तेव्हा त्याने धुणी धुणाऱ्या बायकांकडे पाहिले, मग कोटाकडे पाहिले आणि विचारले, 'हेच का ते?'

हेच ते. येथे उभे राहिल्यावर पहिली जाणीव होते ती ही, की मान्यखेटची साक्ष मान्यखेटमध्ये फार थोडी उरली आहे. ती दूरदूर पांगली आहे. कैलास लेणे वेरूळला. त्याचा उल्लेख असलेला ८१२ चा ताम्रपट बडोद्याचा. घराण्याचा उदय सांगणारा दंतिदुर्गाचा शके ६७५ चा ताम्रपट कोल्हापूरकडच्या सामानगडचा. अमोघवर्षाने प्रजेवरील अरिष्ट टाळण्यासाठी महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचे बोट अर्पण केल्याची कथा संजाणच्या ८७१ च्या ताम्रपटात. ही महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असे बहुतेक विद्वान मानतात. साम्राज्य जितके पसरले होते तितकाच त्याचा अवशेष पसरला, आणि मध्यभाग रिकामा राहिला.

आता त्या भांडणाकडे येतो. राष्ट्रकूटांचे लेख त्यांना लट्टलूरपूरचे स्वामी म्हणतात, आणि लट्टलूर म्हणजे लातूर हे आता सामान्यतः मान्य आहे. तेव्हा आमच्या ज्येष्ठ सदस्यांची निम्मी बाजू खरी ठरते. पण लातूरचे म्हणून ते मराठी भाषिक, असे म्हणावयाचे तर अडचण उभी राहते. या प्रश्नाचा कस लावून अभ्यास केला तो अनंत सदाशिव अळतेकरांनी. ते कोल्हापूरकडचे, त्यांचा राष्ट्रकूटांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४ साली पुण्यास प्रसिद्ध झाला आणि आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. चिंतामण विनायक वैद्यांसारखे विद्वान राष्ट्रकूटांना मराठे ठरवीत असतानाच्या काळात अळतेकरांनी निष्कर्ष काढला की त्यांचे मूळस्थान लातूर असले तरी घराण्याची मातृभाषा कन्नड होती. लातूरच्या बाजूला तेव्हा कन्नडाचा वावर होता, असे ते मानीत. मध्यप्रदेशात मैहरजवळ जुरा येथे तिसऱ्या कृष्णाची प्रशस्ती सापडली आहे, तीही कन्नडात. नर्मदेपलीकडे, जेथे कोणाला कन्नड वाचता येण्याचा संभव कमी, तेथे राजा आपली कीर्ती कन्नडात कोरवितो, याचा अर्थ उघड आहे. अळतेकरांना कोणी घरभेदी म्हटले की नाही आम्हांस माहीत नाही; आमच्या बैठकीत ते असते तर नक्की कोणीतरी म्हटले असते.

म्हणजे नातवाचे पुस्तक खरे. पण थांबावे लागते. नातवाच्या पुस्तकात ज्याचा गौरव आहे तो 'कविराजमार्ग' हा ग्रंथ अमोघवर्षाच्या दरबारातील. त्याचा कर्ता श्रीविजय असे आता बहुतेक मानतात. कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे, असे त्यात सांगितले आहे, आणि हे विधान इकडे व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकावयास मिळते. त्याच्या पुढचे मात्र सहसा कोणी सांगत नाही. शुद्ध, गाभ्याचे कन्नड कोठले, हे सांगताना ग्रंथकार चार गावांची नावे घेतो: किसुवोळल म्हणजे पट्टदकल, कोपण म्हणजे कोप्पळ, पुलिगेरे म्हणजे लक्ष्मेश्वर, आणि ओंकुंद. चारही गावे मळखेडच्या नैर्ऋत्येस, दूर अंतरावर आहेत. ज्या राजधानीत बसून हा ग्रंथ लिहिला गेला ती स्वतः त्या गाभ्यात बसत नाही! मान्यखेट हे तेव्हाही भाषेच्या कडेवरचे गाव होते. सीमाभाग १९५६ साली निर्माण झाला असे आम्ही समजत होतो. तो निदान अकराशे वर्षांचा आहे.

आणि कडेवरच्या गावात असते तसेच या गावातही होते. महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' संस्कृतात लिहिला आणि आरंभी अमोघवर्षाची स्तुती केली. (शून्याने भागले असता संख्या तशीच राहते असे तो म्हणतो, थोर गणित्यांकडूनही शून्य फसविते.) 'प्रश्नोत्तररत्नमालिका' हे संस्कृत काव्य खुद्द राजाच्या नावावर आहे. कन्नड होतेच. पण मराठी वाचकाला ज्याची ओळख असावयास हवी, आणि जवळजवळ नसते, तो कवी या दोहोंपैकी कोणत्याच भाषेत लिहीत नव्हता.

त्याचे नाव पुष्पदंत. काश्यपगोत्री ब्राह्मण, आईबाप शिवभक्त, पुढे जैन झालेला. अंगाने कृश, दिसावयास कुरूप, हे तो स्वतःच सांगतो. स्वभाव असा की त्याने स्वतःला 'अभिमानमेरू' हे बिरुद लावून घेतले. एका राजाश्रयात मानभंग सोसून, वाट तुडवीत, थकून तो मान्यखेटच्या वेशीबाहेरील एका उपवनात येऊन पडला. दोघा वाटसरूंनी त्याला विचारले, की एवढी भरलेली नगरी समोर असता तुम्ही येथे रानात का? तो उत्तरला की दुर्जनांच्या वाकड्या भुवया पाहण्यापेक्षा डोंगरातील गुहेत गवत खाऊन मेलेले बरे. मोठ्या मनधरणीने ते त्याला आत घेऊन गेले. तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला घरात जागा दिली, आणि त्याच्याच आग्रहाने ९५९ साली पुष्पदंताने 'महापुराण' लिहावयास घेतले. मध्ये त्याचे मन उडाले, लेखन थांबले, पुन्हा सुरू झाले. ९६५ साली १०२ संधींचा तो ग्रंथ पुरा झाला. पुढे भरताचा मुलगा नन्न याच्या आश्रयाने त्याने 'णायकुमारचरिउ' आणि 'जसहरचरिउ' ही दोन काव्ये लिहिली.

ही सर्व रचना अपभ्रंशात आहे. मराठीच्या जन्मापूर्वीची तिची जी अवस्था, तिच्या अगदी निकटची ही भाषा. गणेश वासुदेव तगारे यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अपभ्रंशाच्या ऐतिहासिक व्याकरणात पुष्पदंताची भाषा दक्षिणी अपभ्रंशात घातली आणि तिचे मराठीशी असलेले नाते दाखविले. त्याची काव्ये उजेडात आली तीही मराठी मुलखातील कारंज्याच्या जैन भांडारांमुळे. हिरालाल जैन आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी त्यांचे संपादन केले. वैद्यांनी 'महापुराण' १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत आणले. म्हणजे ज्या नगरीत कन्नडाचा पहिला उपलब्ध ग्रंथ झाला, त्याच नगरीत शंभर वर्षांनी, मराठीची आजी म्हणावी अशा भाषेतील एक महाकाव्य झाले. आमच्या बैठकीत दोन्ही बाजूंपैकी कोणीही पुष्पदंताचे नाव घेतले नव्हते. आम्हीही नाही.

गावात त्याच्या नावाचे काही नाही. जैन बसदी मात्र आहे, नेमिनाथाची. आतल्या अंधारात डोळे स्थिरावले की जुने खांब दिसू लागतात. येथील मोलाची वस्तू म्हणजे पंचधातूचे एक लहान चैत्य, ज्यावर ९६ मूर्ती आहेत. तेथील वयस्क गृहस्थ आमच्याशी दखनीत बोलले, नातवाशी कन्नडात, आणि आम्ही कोठले हे कळल्यावर मोडक्या मराठीत, कारण त्यांचे नातलग सोलापुरात होते. पुष्पदंत कोठे उतरला असेल, असे आम्ही त्यांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, की जेथे जेवण मिळाले असेल तेथे.

नदीकाठी उत्तरादी मठ आहे. द्वैत संप्रदायातील टीकाचार्य जयतीर्थ यांचे वृंदावन येथे असल्याचे ही मठपरंपरा मानते, आणि दूरदूरचे भाविक त्यासाठी येतात. जयतीर्थ चौदाव्या शतकातील. परंपरेप्रमाणे ते मूळचे मंगळवेढ्याचे, पूर्वाश्रमीचे नाव धोंडोपंत. त्यांच्याविषयीची कथा आम्हांस फार आवडते. हा तरुण सरदारपुत्र तहान लागली म्हणून घोड्यावरून न उतरताच नदीत घुसला आणि वाकून बैलासारखे तोंडानेच पाणी पिऊ लागला. काठावर बसलेल्या अक्षोभ्यतीर्थांनी विचारले, गेल्या जन्मी बैल होतास काय? त्या एका प्रश्नाने त्याची शुद्ध पालटली, तो संन्यासी झाला आणि 'न्यायसुधा' लिहिती झाली ती याच हाताने. मंगळवेढ्याहून निघालेले आणखी एक पाणी भीमेकाठाने इकडे वाहत आले, असे म्हणता येईल. मठात दुपारचे जेवण झाले. नातू पंगतीतून उठून नदीवर गेला आणि फरशीवर पालथा पडून पाणी पिऊन आला. आम्ही पाहिले नाही असे दाखविले.

मान्यखेटचा अंत कसा झाला हेही एका कवीमुळे कळते. ९७२ साली माळव्याच्या परमार सीयकाने राष्ट्रकूट खोट्टिगाचा पराभव केला आणि राजधानी लुटली. त्याच वर्षी धारानगरीत धनपाल नावाच्या कवीने आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, प्राकृत शब्दांचा एक कोश रचला: 'पाइयलच्छीनाममाला'. आणि त्याचा काळ सांगताना लिहिले, की माळव्याच्या राजाने मान्यखेट लुटले त्या वर्षी हा कोश झाला. विजेत्यांच्या घरी एक भाऊ बहिणीला शब्द शिकवीत होता आणि वर्ष लक्षात राहावे म्हणून एका नगराच्या राखेची खूण करीत होता. इकडे पुष्पदंताच्या 'महापुराणा'च्या काही हस्तलिखितांत एक संस्कृत श्लोक सापडतो. दीनांचा आधार असलेली, विद्वानांची लाडकी ही नगरी धारेच्या राजाच्या कोपाग्नीत जळाली, आता पुष्पदंत कवी राहील कोठे, असा त्याचा आशय. तो तेव्हा म्हातारा झाला असावा. पुढच्याच वर्षी, ९७३ मध्ये, चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य घेतले. काही काळ त्यानेही येथूनच कारभार पाहिला. अकराव्या शतकात राजधानी कल्याणला गेली आणि मान्यखेटचे मळखेड होऊ लागले.

या लुटीनंतर अर्धशतकाच्या आत, १०१८ साली, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे मराठी शब्द दगडावर कोरले गेले. भीमेच्या त्याच खोऱ्यात, सोलापूरच्या बाजूला. आम्ही हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने हिशेब केला आणि म्हणाला, 'म्हणजे पुष्पदंताच्या नातवाच्या वयाचा माणूस तो.' पुष्पदंताला नातवंडे होती असे कोठे नमूद नाही. पण हिशेब बरोबर होता.

दुपारनंतर चितापूरकडे वळलो. वेळ कमी होता, म्हणून सन्नती सोडावी लागली. भीमाकाठची चंद्रलांबा ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता. तेथे १९८६ साली कालीमंदिराचे छत कोसळल्यावर मूर्तीच्या बैठकीच्या दगडावर अशोकाचे आदेश कोरलेले आढळले, आणि जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात अशोकाचे नाव कोरलेले शिल्प निघाले. तो एका स्वतंत्र दिवसाचा विषय आहे, आणि लेखाचाही. कलबुर्गीचा किल्ला व १३६७ ची जामा मशीद आम्ही पूर्वी पाहिलेली होती.

चितापूरजवळील नागावी मात्र सोडली नाही, आणि साहित्यप्रेमी मंडळींनी ती सोडू नये. आज तेथे यल्लम्माचे देऊळ आहे आणि साठ खांबांचे म्हणून ओळखले जाणारे एक जुने मंदिर. चालुक्यांच्या काळी येथे घटिकास्थान, म्हणजे उच्च विद्यापीठ होते. १०५८ च्या शिलालेखात त्याची व्यवस्था दिली आहे. वेद शिकणारे २०० विद्यार्थी, शास्त्रे शिकणारे ५०, वेदांचे तीन आणि शास्त्रांचे तीन अध्यापक. आणि यांच्या बरोबरीने सहा सरस्वतीभांडारी. सरस्वतीभांडारी म्हणजे ग्रंथपाल. जितके अध्यापक तितकेच ग्रंथपाल! आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाला गेली कित्येक वर्षे एकही नाही; किल्ली आमच्याकडे असते आणि आम्ही गावाला गेलो की पुस्तके कुलपात राहतात. सहा माणसे जर पोथ्या राखीत होती तर पोथ्या किती असतील, आणि त्या गेल्या कोठे, हा विचार मनात येऊन आम्ही बराच वेळ खांबांत बसून राहिलो.

उन्हे कलली होती. नातू आवारातल्या एका लेखयुक्त शिळेसमोर उकिडवा बसला होता. तिरप्या उन्हात अक्षरांच्या कडा उठून दिसतात, हे त्याचे त्यालाच कळले होते. जुन्या कन्नड लिपीतील एखादे अक्षर आजच्या अक्षरासारखे वाटले की तो बोट ठेवी आणि मोठ्याने म्हणे. वाटले नाही की सोडून पुढे जाई. आम्ही शेजारी बसून तो म्हणेल ते अक्षर वहीत देवनागरीत लिहून घेऊ लागलो. एका ओळीत पाच जमली, दुसरीत तीन. शब्द कोणताच पुरा झाला नाही. अंधार पडावयास लागला तेव्हा देवळातला माणूस कंदिलाऐवजी मोबाईलचा उजेड घेऊन आला आणि म्हणाला, गेट लावायचे आहे. नातू म्हणाला, 'आज्जा, एवढी एकच ओळ.' त्या माणसाने उजेड दगडावर धरला.